शेक आणि डाग

कर्करोगावरील किरणोपचारास जालना जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत ‘शेक’ म्हणतात, आणि या एका शब्दाने आपल्या माणसांनी एका परक्या, अदृश्य शक्तीस घरच्या शेगडीशेजारी आणून बसविले, असे मला नेहमी वाटत आले आहे. बाळंतिणीचा शेक, सुजल्या गुडघ्यावर तापल्या पानांचा शेक, हे सारे मायेच्या हातांनी दिले जात. परंतु त्याच गावांत ‘डाग’ हाही एक इलाज होता, पोटदुखीने तळमळणाऱ्या लेकरास तापल्या सुईने किंवा बिब्ब्याने दिलेला, आणि त्याचे वण अंगावर वागविणारी वृद्ध माणसे अद्याप भेटतात. उपचाराच्या आदल्या रात्री रुग्णाचा डोळा लागत नाही, तेव्हा त्याच्या ओठांवर शेक असतो आणि स्मृतीत डाग.

या ‘शेका’चा उगम ज्या क्ष-किरणांत आहे, त्यांचा शोध रंटगेनने 1895 साली लावला, त्या काळी जालना निजामाच्या अमलाखाली होते. मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी उघडले, आणि पुढे कित्येक दशके मराठवाड्यातील रुग्णांस तोच मोठा आधार राहिला. जालन्याहून मीटरगेजने निघावे, मनमाडला गाडी बदलावी, सोबतीला थोरला मुलगा नाहीतर मेहुणा, कनवटीला जनावर विकून आलेले पैसे. रोगाचे नाव मात्र रुग्णास सांगावयाचे नाही, असा घरोघरचा रिवाज. ‘साधी गाठ आहे’ एवढेच. मायेपोटी पाळलेल्या या मौनाने रुग्णाची भीती कमी केली नाही, तिला एकटे पाडले, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण धर्मशाळेच्या ओसरीवर शेजारचा अनोळखी माणूस सहज विचारी, ‘तुमची गाठ कुठं?’, आणि घरच्यांनी दडविलेले सारे त्या प्रश्नात उघडे पडे.

पुढे अंतर आटले. 1982 साली बार्शीस ग्रामीण भागासाठी कर्करोग रुग्णालय निघाले. 2012 साली औरंगाबादेत, म्हणजे जालन्यापासून सुमारे 60 किलोमीटरांवर, शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाले. किरणोपचाराची खोली मात्र तशीच राहिली: अंगावर शाईची निशाणे, जी पुसू नयेत म्हणून अंघोळीचीही धास्ती, मुखाचा कर्करोग असल्यास चेहऱ्यावर घट्ट बसणारा जाळीदार साचा, आणि मग सर्वजण बाहेर जाऊन जड दरवाजा लावून घेतात. ‘माझ्याजवळ कोणी थांबेना, इतके हे वाईट आहे काय?’ हा विचार नेमका त्या क्षणी मनात येतो. अशा भीतीकडे वैद्यकाचेही लक्ष गेले: न्यूयॉर्कच्या मनोविकारतज्ज्ञ जिमी हॉलंड यांनी 1977 पासून कर्करुग्णांच्या मनःस्थितीचा शास्त्रीय अभ्यास उभा केला, आणि ताप मोजावा तशी मनाची व्यथा शून्य ते 10 या मापाने विचारण्याची पद्धत पुढे रूढ झाली.

बाहेरून दिलेले किरण घेताना भाजत नाही. कातडी काळवंडते वा तोंड सोलवटते ते काही दिवसांनी. यंत्र बंद झाल्यावर किरण अंगात उरत नाहीत, नातवास मांडीवर घेण्यास हरकत नाही. हे पहिल्या दिवसाआधी, खोली दाखवून, शांतपणे सांगावयास हवे. पुष्कळदा ते काम बाकावरचा जुना रुग्ण करतो. दार उघडते, तो उपरणे सावरीत बाहेर येतो, आणि पाळीची वाट पाहणारी आजी विचारते, ‘भाजतं का हो, दादा?’

‘न्हाई आजी. नुसतं पडून ऱ्हायचं.’