चौकातला घुमट

चौसोपी वाड्यात सगळी वर्दळ चौकातून होते. पापड-कुरडया वाळत घालायच्या त्या तिथेच, मुंजीचा मांडव पडायचा तो तिथेच, सोप्यातून सोप्यात जायचे तेही चौक ओलांडूनच. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमलाही असा एक चौक होता. रॉबर्ट स्मर्क या वास्तुकाराने १८२३ पासून ग्रीक देवळांच्या धर्तीवर ही इमारत उभी करत आणली. चारी बाजूंना लांबच लांब दालने आणि मध्ये तीनशे फुटांहून लांब, सव्वादोनशे फुटांहून रुंद अशी मोकळी जागा. पण त्या चौकात कुणी उतरत नसे. तिथे गवत वाढत होते आणि भोवतालच्या दालनांत पुस्तकांना जागा पुरत नव्हती.

म्युझियमच्या छापील ग्रंथांच्या विभागाचा प्रमुख अंतोनियो पानित्सी याने १८ एप्रिल १८५२ रोजी एका कागदावर या चौकाचा आराखडा काढला. मधोमध गोल वाचनकक्ष, आणि त्याच्या भोवती चौकाच्या चारी कोपऱ्यांपर्यंत पुस्तकांची लोखंडी कोठारे. पानित्सी वास्तुकार नव्हता. पुस्तके कुठून येतात, कुठे ठेवली जातात आणि वाचकाच्या हाती पडायला त्यांना किती वेळ लागतो, हे रोज पाहणारा तो माणूस होता. रॉबर्टचा धाकटा भाऊ सिडनी स्मर्क याने त्या रेघांना बांधकामाचे रूप दिले. १८५४ मध्ये काम सुरू झाले आणि २ मे १८५७ रोजी, जेमतेम तीन वर्षांत, वाचनकक्षाचे उद्घाटन झाले. खर्च सुमारे दीड लाख पौंड.

पानित्सी मूळचा इटलीचा, मोदेना संस्थानातला. राजसत्तेविरुद्धच्या गुप्त चळवळीत सापडल्याने तो देश सोडून पळाला. मागाहून त्याच्या गैरहजेरीत त्याला फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. १८२३ मध्ये तो इंग्लंडला पोचला तेव्हा खिशात पैसा नव्हता आणि इंग्रजीही धड येत नव्हते. इटालियनच्या शिकवण्या करत तो जगला आणि १८३१ मध्ये म्युझियममध्ये कनिष्ठ जागेवर लागला. पाच वर्षांनी संसदेच्या एका समितीपुढे त्याची साक्ष झाली. ज्ञानाची भूक भागवण्याची जी साधने देशातल्या सर्वांत श्रीमंत माणसाला मिळतात, तीच गरीब विद्यार्थ्यालाही मिळाली पाहिजेत, आणि पुस्तकांच्या बाबतीत ती पुरवणे हे सरकारचे काम आहे, असे त्याने तिथे ठासून सांगितले. अशी वाक्ये समित्यांपुढे पुष्कळ बोलली जातात. पानित्सीचे मोठेपण असे, की त्याने हे वाक्य वीस वर्षांनी लोखंडात आणि काचेत बांधून दाखवले.

तोवर युरोपातल्या मोठ्या ग्रंथालयांची रचना साधारण एकाच प्रकारची असे. एक उंच, लांब दालन. भिंतींना छतापर्यंत कपाटे. त्यांना लावलेल्या शिड्या. आणि मध्ये वाचकांची टेबले. तिसऱ्या जॉर्ज राजाचा ग्रंथसंग्रह म्युझियमला मिळाला, तेव्हा त्यासाठी बांधलेले तीनशे फूट लांबीचे दालन याच जातीचे. दिसायला ते देखणे आहे, यात वाद नाही. पण या रचनेत पुस्तके दुप्पट झाली की भिंती दुप्पट लागतात, भिंती दुप्पट झाल्या की दालन वाढते, आणि वाचकाला पुस्तक आणून देणाऱ्या शिपायाची पायपीटही वाढते. वाचक, पुस्तके आणि ग्रंथपाल या तिघांच्या जागा वेगळ्या हव्यात, हा विचार फ्लॉरेन्सच्या लिओपोल्दो देल्ला सान्ता याने १८१६ मध्ये एका छोट्या पुस्तकात मांडला होता. पुढे म्युझियममध्ये पानित्सीचा सहकारी झालेल्या टॉमस वॉट्स यानेही चौकात वाचनकक्ष बांधण्याची कल्पना १८३७ मध्ये छापून आणली होती. चौकात घुमट बांधण्याची योजना आपली होती आणि ती चोरली गेली, अशी तक्रार विल्यम हॉस्किंग या प्राध्यापकाने पुढे जाहीरपणे केली. त्याचा घुमट मात्र मूर्ती मांडण्यासाठी होता. पुस्तक आणि वाचक यांच्यातले अंतर तोडण्यासाठी घुमट, ही पानित्सीची गोष्ट.

निकडही तितकीच होती. पुस्तक छापले की त्याची एक प्रत म्युझियमला द्यायची, हा कायदा प्रकाशक सर्रास मोडत. पानित्सीने त्यांना कोर्टात खेचले, तेव्हा पुस्तकांचा लोंढा सुरू झाला. १८३७ मध्ये तो विभागप्रमुख झाला तेव्हा ग्रंथसंख्या सव्वादोन लाखांच्या घरात होती. वीस वर्षांत ती पाच लाखांच्या पुढे गेली. जुने वाचनकक्ष कोंदट आणि अपुरे. तिथे बसून डोके दुखते, अशी टॉमस कार्लाइलची कायमची तक्रार. बसायला जागा न मिळाल्याने शिडीवर टेकून वाचावे लागल्याचा रागही होता. पानित्सीशी त्याचे मुळीच जमले नाही. घरी पुस्तके नेता येतील असे लंडन लायब्ररी हे ग्रंथालय १८४१ मध्ये निघाले, त्यामागे कार्लाइलचा हा वैताग होता.

नव्या घुमटाचा व्यास १४० फूट. रोमच्या पँथिऑनपेक्षा दोनच फूट कमी, आणि आपल्या विजापूरच्या गोलघुमटाच्या आतल्या व्यासापेक्षा मोठा. विजापूरला भार जाडजूड भिंतींवर आहे. इथे वीस ओतीव लोखंडी कमानींवर. आतले छत तर चक्क कागदाच्या लगद्याचे केले, निळ्या आणि सोनेरी रंगात रंगवलेले. उद्घाटनानंतर आठवडाभर कक्ष सर्वांना पाहायला खुला होता, तेव्हा बासष्ट हजारांहून अधिक माणसे येऊन मान वर करून गेली.

मान खाली केल्यावर जे दिसते, त्यात खरी करामत आहे. कक्षाच्या मध्यबिंदूवर उंच चौथऱ्यावर पर्यवेक्षक बसे. त्याच्याभोवती दोन वर्तुळांत ग्रंथसूचीची टेबले, आणि तिथून चाकाच्या आऱ्यांसारख्या भिंतीपर्यंत गेलेल्या वाचकांच्या रांगा. सुरुवातीला तीनशेच्या आसपास आसने होती. चौथऱ्यावरच्या माणसाला प्रत्येक रांग दिसे, आणि कुठल्याही रांगेपासून सूचीपर्यंतचे अंतर जवळपास सारखेच पडे. पुस्तक शोधायचे सूचीत, तिथला पुस्तकाचा पत्ता आणि आपला आसनक्रमांक चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठी मध्यभागी द्यायची आणि जागेवर येऊन बसायचे. कुणी उमराव असो की शिकवण्या करून पोट भरणारा असो, दोघांच्या चिठ्ठीचा प्रवास एकच.

एक आसन जवळून पाहू. टेबलाची रुंदी माणशी चार फुटांहून थोडी जास्त, वर मऊ कातडे. समोरच्या वाचकाशी नजरानजर होऊ नये म्हणून मध्ये उंच आडपडदा. त्या पडद्यातच दौत, लेखणीची खाच, आणि ओढून तिरकी करता येईल अशी घडीची पुस्तकपाटी. दुसऱ्या बाजूला जादा पुस्तके ठेवायला घडीची फळी. कक्षाखाली हवेचे तळघर होते. तिथली ताजी हवा याच आडपडद्यांतून वर येई. पायाखाली लोखंडी नळी, आणि हिवाळ्यात तिच्यातून गरम पाणी वाही. ज्याच्या खोलीतल्या शेगडीला कोळसा नाही, त्यालाही इथे पाय शेकत चार हस्तलिखिते ताडून पाहता येत. घुमटाची वर्णने करणारे लेखक या नळीला एका ओळीत उरकतात. मला ती घुमटाइतकीच मोलाची वाटते.

सूचीची टेबलेही विचार करून बांधलेली. पानित्सीने १८४१ मध्ये सूचीकरणाचे ९१ नियम छापले होते. त्यांनुसार प्रत्येक ग्रंथाची नोंद वेगळ्या चिठ्ठीवर होई आणि त्या चिठ्ठ्या मोठ्या जाड खंडांत हलक्या हाताने चिकटवल्या जात. नवी नोंद आली की जुन्या उचलून सरकवायच्या. अशी सूची फुगत जाणार हे ठरलेलेच. म्हणून भल्यामोठ्या खंडांना मावेल अशा मापाची, उभ्याने चाळता येतील अशी टेबले आधीपासून केली गेली.

वाचकांना न दिसणारा भाग घुमटाच्या पाठीमागे होता. गोल घुमट आणि आयताकृती चौक यांच्यामध्ये जे कोपरे उरले, त्यांत लोखंडी ग्रंथभांडार बसवले. इथे भिंती नाहीतच. पाठीला पाठ लावलेली लोखंडी कपाटे हाच इमारतीचा सांगाडा. प्रत्येक मजल्याची उंची सुमारे आठ फूट, म्हणजे शिडीशिवाय वरच्या फळीला हात पोचतो. फळ्या लोखंडाच्याच, पण पुस्तकांच्या बांधणीला ओरखडा येऊ नये म्हणून वरून कातड्याने मढवलेल्या, आणि हव्या त्या उंचीवर हलवता येणाऱ्या. सगळ्या फळ्या सलग मांडल्या असत्या तर पंचवीस मैल भरल्या असत्या. छत काचेचे आणि जमीन जाळीची, म्हणून वरचा उजेड मजल्यामागून मजले पाझरत तळापर्यंत उतरे. आगीच्या भीतीने आत दिवा न्यायला बंदीच होती. त्यामुळे पुस्तक शोधायचे ते दिवस मावळायच्या आत.

या बंदीचा त्रास वाचकांनी सोसला. लंडनचे दाट धुके उतरले की कक्ष बंद करून सगळ्यांना घरी धाडत. १८७९ मध्ये विजेचे दिवे लावून पाहिले आणि ही अडचण हळूहळू सुटली.

दुसरी अडचण आराखड्यातच होती. वाड्याच्या चौकात बांधले की पुढे वाढायला जागा उरत नाही. तीस वर्षांत कपाटे भरत आली. तेव्हा रिचर्ड गार्नेट याने १८८७ पासून सरकती कपाटे आणली: जुन्या कपाटांपुढे वरच्या तुळयांना टांगलेली, पुढे ओढून बाजूला सारता येणारी. मूळच्या वाटा जरा रुंद ठेवल्या होत्या म्हणूनच हे जमले. या एका युक्तीने काही दशके निभावली.

तिसरे संकट आभाळातून आले. १० मे १९४१ च्या रात्री जर्मन विमानांनी टाकलेल्या आगबाँबनी नैऋत्येकडचा भांडाराचा चौथा हिस्सा जाळला. दीड लाखांहून अधिक पुस्तके गेली. उजेड खाली झिरपावा म्हणून केलेली जाळीची जमीन आगीला कशी अडवणार? घुमट मात्र वाचला.

या रचनेची छाप दूरवर पडली. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची १८९७ ची इमारत पाहिली तर मधला घुमट, केंद्रस्थानी चौथरा आणि भोवती लोखंडी भांडारे हे सगळे ओळखीचे वाटते. या कपाटांत मराठी पुस्तकेही होती. जे. एफ. ब्लुमहार्ट याने तयार केलेली म्युझियममधल्या मराठी आणि गुजराती छापील ग्रंथांची सूची १८९२ मध्ये प्रसिद्ध झाली. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी मुद्रणाचा शोध घेणाऱ्याला ती आजही लागते.

ब्रिटिश लायब्ररी १९७३ मध्ये म्युझियमपासून वेगळी झाली आणि तिच्यासाठी सेंट पँक्रस इथे कॉलिन सेंट जॉन विल्सन याने नवी इमारत बांधली. तिथे कोठारे जमिनीच्या पोटात, खोल तळघरांत आहेत. गोल कक्षातले वाचन ऑक्टोबर १९९७ मध्ये थांबले. लोखंडी भांडारे पाडली गेली आणि २००० मध्ये त्या जागी नॉर्मन फॉस्टरचे काचेचे छत आले. दीडशे वर्षांनी चौक पुन्हा चौक झाला. मधोमध घुमट तेवढा राहिला.

ज्या गरीब विद्यार्थ्यासाठी पानित्सी समितीपुढे भांडला, तो या घुमटाखाली अनेक रूपांत येऊन बसला. महाराष्ट्राला त्यातला एक चांगला ठाऊक आहे. भीमराव आंबेडकर १९२० मध्ये अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायला लंडनला परतले, ते सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून राखलेली शिल्लक आणि शाहू महाराजांची व नवल भथेना या मित्राची मदत घेऊन. आधीच्या मुक्कामातून परतताना मागाहून बोटीने पाठवलेली त्यांची पुस्तके महायुद्धात पाणतीराने बोट बुडाल्याने समुद्रात गेली होती; नवी घ्यायला पैसे नव्हते. म्युझियमचा वाचनकक्ष उघडला की आत शिरायचे आणि बंद होईपर्यंत उठायचे नाही, दुपारचे जेवण परवडत नाही म्हणून ते टाळायचे, असा त्यांचा दिवस चरित्रकारांनी वर्णिला आहे. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध १९२३ मध्ये ग्रंथरूपाने आला, तो या बैठकीचे फळ.

पुढे १९३० नंतर दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी राजगृह बांधले. घर बांधताना माणसे आधी स्वयंपाकघराचा आणि देवघराचा विचार करतात. इथे कुटुंबाला खालचा मजला दिला आणि वरचा मजला ग्रंथसंग्रहासाठी आणि कामासाठी राखला.