विसराळूंचा मावळ

गेल्या हिवाळ्यात आपल्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अमेरिकेतल्या एका मैत्रिणीचा निरोप आला. चार तास गाडी चालवून सगळं कुटुंब स्कीइंगला डोंगरावर पोहोचलं. हातमोजे, टोप्या, थर्मासभर चहा, डबाभर थालीपिठं, सगळं सोबत होतं. स्कीइंगचे बूट तेवढे घरी गॅरेजमध्ये राहिले होते! त्यावर दिवसभर प्रत्येकाने आपापली विसरभोळी सहल सांगितली. तेव्हा वाटलं, घाट चढताना नको ते नेणं आणि हवं ते विसरणं याला आपल्या मावळात चांगला जुना इतिहास आहे. तो या स्मरणिकेत नोंदवून ठेवावा.

नोव्हेंबर १७७८ मध्ये मुंबईच्या इंग्रजांनी राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवण्यासाठी फौज काढली. माणसं सुमारे ३,९०० आणि सामानाचे बैल १९,०००. म्हणजे माणशी जवळजवळ पाच बैल! बोरघाट चढून आल्यावर कार्ल्यापर्यंतचे जेमतेम आठ मैल जायला या लवाजम्याला अकरा दिवस लागले. आपली सहल तेवढं अंतर एका दिवसात चालायची, तेही वाटेत चिक्कीसाठी थांबून.

इतकं सामान आठवणीने आणणारे लोक एक गोष्ट मात्र विसरले. परक्या मुलखात शेवटी तिथल्या माणसांवरच निभावतं. मराठ्यांनी पुढचा दाणागोटा जाळला आणि मागे घाटाकडून येणारी रसद तोडली. ९ जानेवारी १७७९ला फौज तळेगावला पोहोचली, तर गाव ओसाड आणि जळालेलं. ११ तारखेच्या रात्री मोठ्या तोफा तिथल्या तळ्यात ढकलून, साठा पेटवून इंग्रज परत फिरले. वडगावला महादजी शिंद्यांच्या फौजेने त्यांना घेरलं आणि जानेवारीच्या मध्याला तह लिहून द्यावा लागला. पुढे कंपनीने तो तह मानायलाच नकार दिला. तोफा तळ्यात सोडून येणं एकवेळ समजू शकतं, पण स्वतःची सही विसरणं कंपनीलाच जमलं.

या मोहिमेत ४ जानेवारीला कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट हा इंग्रज अधिकारी मारला गेला. शूर गडी होता. मराठ्यांनी त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटलं आणि मावळाने ते नाव टाकलं नाही. वडगावला त्याची समाधी आजही दाखवतात. शत्रूचं नाव, आपल्या जिभेवर बसेल असं करून का होईना, अडीचशे वर्षं होत आली तरी टिकलं आहे.

आता आपल्या वर्गाची मोहीम. नववीत लोणावळ्याहून चालत राजमाची. सामानात तांदूळ, मूगडाळ, कांदे-बटाटे, भेंड्यांची वही, दोन गाण्यांच्या कॅसेट (टेपरेकॉर्डर नाही) आणि चक्क एक कॅरम बोर्ड. खिचडीचं मोठं पातेलं एसटी स्टँडच्या बाकाखाली राहिलं. सरांनी सामानाची यादी केली होती, पण ती हरवू नये म्हणून त्या पातेल्यातच ठेवली होती.

हे लक्षात आलं ते गडाखालच्या उधेवाडीत, संध्याकाळी, चाळीस पोरं भुकेली असताना. तिथल्या एका आजींनी आधी कॅरम बोर्डाकडे पाहिलं, मग सरांकडे. घरातलं मोठं पातेलं बाहेर काढलं, अंगणात चूल पेटवली आणि म्हणाल्या, “मास्तर, मीठ तरी आणलंय का?”

मीठही नव्हतं.

त्या रात्रीची खिचडी ग्रुपवर सगळ्यांना आठवत होती. कोणी करपलेल्या खरवडीबद्दल लिहिलं, कोणी श्रीवर्धनच्या बुरुजावरून दिसलेल्या काजव्यांबद्दल. मी सगळे निरोप पुन्हा वाचले. प्रत्येकाने त्या माउलीला नुसतं ‘आजी’ म्हटलं आहे. इंग्रजांकडे १९,००० बैल होते, पण मावळात त्यांना पातेलं काढून देणारं एक घर नव्हतं. आपल्याला ते मिळालं. तोफा घेऊन चालून आलेल्या कप्तानाचं नाव जर या मुलखाने जपलं, तर चाळीस पोरांना जेवू घालणाऱ्या बाईचं नाव आपल्या स्मरणिकेत असायलाच हवं.

म्हणून ही विनंती. ज्याला किंवा जिला ते नाव ठाऊक असेल, त्यांनी संपादकांना कळवावं. संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी आपल्यातले काही जण राजमाचीला जाणार आहेत. आजी नसतील कदाचित, पण घरातलं कोणी भेटेलच. नाव विचारून, लिहून आणू. येणाऱ्यांनी आपली नावं द्यावीत. पातेल्याची आणि मिठाची जबाबदारी वाटून घेऊ. यादी मात्र या वेळी कोणीतरी खिशात ठेवा.