तुरुंगातून वकिलातीत : बाळासाहेब खेर

वलवणच्या तळ्याकाठी उभे राहिले म्हणजे एक विचार मनात येतो. मावळात पडलेला पाऊस इथे अडतो आणि घाट उतरून खोपोलीच्या वीजघरात जातो. ते वीजघर १९१५ साली सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर फिरू लागल्या. पाणी मावळचे, उजेड मुंबईचा! विद्येचेही तसेच होते. सारा खेड्याने भरायचा आणि कॉलेजे निघायची शहरात. हा हिशेब बदलावा म्हणून ज्यांनी खटपट केली, त्या बाळासाहेब खेरांची आज आठवण करू या.

बाळ गंगाधर खेर यांचा जन्म रत्नागिरीचा, २४ ऑगस्ट १८८८ चा. शिक्षण पुण्यात आणि मुंबईच्या विल्सन कॉलेजात झाले. पुढे ते सॉलिसिटर झाले, १९१८ साली भागीदारीत पेढी काढली. घरात कशाची वाण नव्हती. पण सत्याग्रहाची हाक आली आणि १९३० साली व पुन्हा १९३२ साली हा माणूस तुरुंगात गेला.

१९३७ च्या निवडणुकीनंतर मुंबई इलाख्यात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. नेता म्हणून वीर नरिमनांचे नाव घेतले जात होते. निवड झाली खेरांची. त्यावरून वाद पुष्कळ माजला. मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधान म्हणत, आणि काँग्रेसच्या मंत्र्याने पगार घ्यायचा तो महिना ५०० रुपये.

खरी अडचण पुढेच होती. सरकारच्या तिजोरीत दारूचा पैसा मोठा, आणि शाळा चालायच्या त्या याच तिजोरीतून. बापाने गुत्त्यावर पैसे उडवावेत आणि त्यातून पोराने बाराखडी शिकावी, हे गांधीजींना पटेना. दारूबंदी करावी तर शाळेला पैसा कुठून आणायचा? हातकामातून शिक्षण देणारी वर्धा योजना याच पेचातून पुढे आली. तिचा विचार करण्यासाठी १९३८ साली नेमलेल्या समितीचे अध्यक्ष खेर होते. समितीने सांगितले, सुरुवात खेड्यांपासून करा.

सगळेच काही गोड झाले नाही. त्याच वर्षीच्या औद्योगिक तंट्यांच्या कायद्याने कामगारांचा संपाचा हक्क आखडला, म्हणून डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून ७ नोव्हेंबरला मोठा संप केला. खेरांचे गुण गाताना हेही सांगितले पाहिजे.

हिंदुस्थानला न विचारता युद्धात ओढले, म्हणून १९३९ साली मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. १९४२ साली पुन्हा तुरुंग. १९४६ साली खेर पुन्हा सत्तेवर आले, ते १९५२ पर्यंत. पुणे विद्यापीठ याच काळात, १९४९ साली, उभे राहिले. शिक्षणाच्या पैशाचा प्रश्नही त्यांनी सोडला नव्हता. सार्जंट योजनेने सक्तीच्या शिक्षणाला ४० वर्षे धरली होती. खेर समितीने ती १६ वर आणली. खर्चाचे प्रमाणही बांधून दिले : केंद्राने उत्पन्नाच्या शेकडा १० आणि प्रांतांनी शेकडा २० भाग शिक्षणावर घालावा.

१९५२ साली ते भारताचे हायकमिशनर म्हणून लंडनला गेले. गंमत पाहा, ज्या राज्याने त्यांना कैदी केले, त्याच्याच राजधानीत ते स्वतंत्र देशाचे वकील म्हणून बसले. मनात अढी ठेवली असती, तर ते काम झाले नसते. १९५४ साली ते परतले. पुढच्या वर्षी राजभाषा आयोगाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. ८ मार्च १९५७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

१६ वर्षांचा तो वायदा पुरा झाला नाही. ६ ते १४ वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा व्हायला २००९ साल उजाडले. गुरुजी, कायदा दिल्लीत होतो, पण शाळेत न आलेले पोर कोणत्या वाडीवर गुरे राखते आहे, हे तुम्हालाच ठाऊक असते. त्याला हाताला धरून आणले, म्हणजे मावळचा उजेड मावळातही पडेल.