सुपरचार्जर की टर्बोचार्जर : ग्रां प्री शर्यतींतील एका निवडीचा इतिहास (१९५१-१९८१)

इंजिनात जितकी अधिक हवा कोंबता येईल तितके अधिक इंधन जाळता येते आणि शक्ती वाढते. ही हवा कोंबणारे यंत्र कशाच्या बळावर चालवावे, हाच सुपरचार्जर व टर्बोचार्जर यांमधील मूळ वाद होय. सुपरचार्जर क्रँकशाफ्टकडून शक्ती घेतो. त्याचा दाब तत्काळ मिळतो, परंतु किंमत इंजिनालाच मोजावी लागते. टर्बोचार्जर एरवी वाया जाणाऱ्या निकासवायूंवर फिरतो. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने त्याचे एकस्व १९०५ मध्येच घेतले होते. तरीही शर्यतींत दीर्घकाळ सुपरचार्जरचेच राज्य राहिले.

त्या राज्याचा कळस आल्फा रोमिओने गाठला. तिच्या दीड लिटरच्या सुपरचार्जरयुक्त मोटारींनी १९५० व १९५१ ची जागतिक अजिंक्यपदे मिळवून दिली. मात्र त्यांचा इंधनाचा खप अवाढव्य होता, आणि १४ जुलै १९५१ रोजी सिल्व्हरस्टोन येथे फेरारीच्या साडेचार लिटरच्या, सुपरचार्जरविरहित मोटारीने त्यांना हरवले.

१९६६ च्या नियमावलीने साध्या इंजिनांना तीन लिटर व दाबाने हवा घेणाऱ्यांना दीड लिटर अशी मर्यादा घातली. हा दुसरा पर्याय १९७७ पर्यंत कोणी गांभीर्याने घेतला नाही. त्या वर्षी रेनोने टर्बोचार्जर आणला. पिवळी मोटार वारंवार धूर सोडून थांबे. इंग्रजांनी तिला चहाची किटली म्हणून हिणवले. खरा दोष मात्र विलंबाचा होता : ॲक्सिलरेटर दाबल्यावर टर्बाइनला वेग येईपर्यंत वळण मागे पडलेले असे. १९७९ मध्ये एका मोठ्या टर्बोऐवजी दोन लहान टर्बो बसवल्यावर तो बराच कमी झाला. १ जुलै रोजी दिजाँ येथे जाँ-पिएर जाबूई जिंकला.

फेरारीने १९८१ मध्ये दोन्ही वाटा चाचपून पाहिल्या. ब्राउन बोव्हेरीच्या कॉम्प्रेक्स यंत्राचा फिरता ढोल इंजिनच्या पट्ट्याने फिरे आणि हवा मात्र निकासवायूंच्या दाबलहरींनी दाबली जाई. विलंब जवळजवळ नाहीच. लाँग बीचच्या सरावात ते वापरलेही गेले. तथापि शर्यतींसाठी मुख्य अभियंता मावरो फोर्गिएरी यांनी टर्बोचार्जरच राखला. विलंब पत्करून शक्ती घेण्याचा हा निर्णय होता. गंमत अशी की, टर्बोयुक्त फेरारीचा पहिला विजय ३१ मे १९८१ रोजी मोनॅकोच्या अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यांवर झाला, जिथे विलंब सर्वाधिक नडावा. तीन आठवड्यांनी हारामा येथे जिल व्हिलनव्हने वळणांत मागे पडणारी हीच मोटार सरळ रस्त्यावरील शक्तीच्या जोरावर आघाडीवर ठेवली. त्याच्यापाठोपाठच्या चार मोटारी सव्वा सेकंदाच्या आत आल्या.