मोडीत निघालेले वाद्य

पियानो आणि हार्पसिकॉर्ड शेजारी शेजारी ठेवली, तर अनोळखी माणसाला ती सख्खी भावंडेच वाटतील. तीच लांबट पेटी, तशाच काळ्या-पांढऱ्या पट्ट्या. पण पट्टी दाबली, की कूळ निराळे असल्याचे कळते. पियानोत छोटी हातोडी तारेवर आपटते. हार्पसिकॉर्डमध्ये पिसाच्या कण्याची नखी तार छेडते. आपल्याकडचा दाखला द्यायचा, तर एक संतुराच्या गोत्रातला आणि दुसरे सतारीच्या. हार्पसिकॉर्डची पट्टी हळू दाबा की जोराने, आवाज फारसा लहानमोठा होत नाही. नेमकी हीच उणीव पियानोने भरून काढली आणि १८०० च्या सुमारास युरोपने हार्पसिकॉर्ड मोडीत काढले. बाखची जी रचना नखीच्या नादासाठी जन्माला आली होती, ती हातोडीच्या नादात ऐकण्याची लोकांना सवय झाली.

ती सवय मोडायला इतरही काहीजण धडपडले. पण सर्वांत मोठा वाटा वांडा लांडोव्स्का या पोलिश बाईंचा. जन्म १८७९ चा, वॉर्साचा. शिक्षण पियानोचे. १९०० मध्ये त्या पॅरिसला आल्या, संग्रहालयांतली जुनी वाद्ये आणि ग्रंथालयांतल्या जुन्या पोथ्या धुंडाळू लागल्या, आणि १९०३ मध्ये त्यांनी श्रोत्यांसमोर हार्पसिकॉर्ड वाजवले. हातात चाललेला पियानो बाजूला सारून, ज्याला ना बाजार होता ना गुरू, असे वाद्य धरायचे, हे धाडस म्हणावे लागेल. १९०७ मध्ये रशियात जाऊन त्यांनी ते टॉल्स्टॉयलाही ऐकवले.

पण मोठ्या सभागृहात हा नाजूक नाद पोचायचा कसा? पॅरिसच्या प्लेयेल या पियानो बनवणाऱ्या पेढीकडून बाईंनी १९१२ मध्ये मनाजोगते वाद्य घडवून घेतले. त्यात खर्जाच्या तारांचा एक जादा संच होता, नाद पालटण्यासाठी पायाशी सात पट्ट्या होत्या. पुढे पियानोसारखी लोखंडी चौकटही आली. बाखच्या काळी असे वाद्य कुणी पाहिले नव्हते. तरीही याच वाद्याने काम केले. १९२५ मध्ये पॅरिसजवळच्या सँ-ल-ला-फोरे गावी त्यांनी प्राचीन संगीताची शाळा काढली. आवारात छोटे सभागृह बांधले. तिथेच १९३३ च्या मे महिन्यात त्यांनी बाखच्या ‘गोल्डबर्ग’ रचनेचे तीसही आविष्कार एका बैठकीत हार्पसिकॉर्डवर सादर केले. माण्वेल द फाया आणि पुलांक यांच्यासारख्या हयात संगीतकारांनी तर त्यांच्यासाठी नव्या रचना केल्या. मेलेल्या वाद्यासाठी कुणी नवे लिहीत नाही!

मग १९४० साल उजाडले. त्या वर्षी पॅरिसमध्ये बाई स्कार्लात्तीच्या रचनांचे ध्वनिमुद्रण करीत होत्या. त्यातली एक तबकडी मी लक्ष देऊन ऐकतो, तेव्हा मागे विमानविरोधी तोफांचे धमाके ऐकू येतात. बोटे मात्र थबकत नाहीत. पुढे जर्मन फौजा आल्या. बाई ज्यू कुळातल्या. थोडेसे सामान घेऊन त्या निघाल्या, आणि मागे नात्झींनी ते घर लुटले. सुमारे १०,००० ग्रंथांचा संग्रह, आयुष्यभर जमवलेली वाद्ये, सारे पेट्यांत भरून नेले. लिस्बनमार्गे बाई न्यूयॉर्कला उतरल्या तो दिवस ७ डिसेंबर १९४१, पर्ल हार्बरवर बाँब पडले तोच. वय ६२. पुढच्याच फेब्रुवारीत त्यांनी न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये ‘गोल्डबर्ग’ वाजवले. सत्तरीनंतर बाखच्या ४८ प्रिल्यूड-फ्यूगांचे ध्वनिमुद्रण पुरे केले. १९५९ मध्ये त्या गेल्या.

इथे कथा सुखान्त म्हणून संपवता आली असती; पण इतिहास इतका सरळ नसतो. बाईंनी विचारलेला प्रश्न साधा होता : हे संगीत त्या काळी ऐकू कसे येत असेल? पुढच्या पिढीने तोच प्रश्न बाईंच्या वाद्याला विचारला. बॉस्टनमध्ये हबर्ड आणि डाउड, ब्रेमेनमध्ये स्कोव्रोनेक, यांनी जुनी वाद्ये मोजून-मापून हलक्या लाकडाची, जुन्या धर्तीची हार्पसिकॉर्डे घडवली. १७४५ च्या एका वाद्यावरून स्कोव्रोनेकने १९६२ मध्ये बनवलेले वाद्य अ‍ॅमस्टरडॅमच्या गुस्ताव लेओनहार्टने वाजवले, आणि लोखंडी चौकटीत न सापडलेला मोकळा, ठसठशीत नाद कानी आला. प्लेयेलचे भारदस्त वाद्य हळूहळू मागे पडले. म्हणजे तेही मोडीतच निघाले!

मग बाईंचे श्रम वाया गेले का? मला तसे वाटत नाही. वाद्य चुकीचे होते, पण त्यावर बसलेला हात खोटा नव्हता. आवाज लहानमोठा करता येत नसेल, तर एखादा स्वर निमिषभर रोखून, दुसरा तुटक सोडून बोलते कसे करायचे, हे त्यांच्या बोटांना कळले होते. लुटारूंना ग्रंथ नेता आले, वाद्ये नेता आली. ही जाण नेता आली नाही. लेओनहार्टची तबकडी ऐकून झाल्यावर मी मुद्दाम बाईंची १९३३ ची लावतो. नाद जड आहे, जुन्या मुद्रणाची खरखर आहे. तरी दोन स्वरांमधली ती छोटीशी वाट पाहणे ऐकले, की पुढची पिढी कुणाच्या उघडलेल्या दारातून आत आली, याबद्दल शंका राहत नाही.