परदेशात खगोलशास्त्रात मास्टर्स : इंजिनिअर असाल तर आधी हे तपासा

जेम्स वेब दुर्बिणीचे फोटो पाहून "आपणही हे शिकायला हवं होतं" असं वाटणारे इंजिनिअर काही कमी नाहीत. मी त्यातलाच एक. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं, सध्या नोकरी करतोय आणि खगोलशास्त्रात मास्टर्ससाठी अर्ज करायच्या तयारीत आहे. त्यासाठी जमवलेली माहिती इथे एकत्र देतोय.

कोर्समध्ये नेमकं काय असतं?

दुर्बिणीतून आकाश बघत बसणं हा याचा अगदी छोटा भाग. मुख्य काम म्हणजे भौतिकशास्त्र, गणित आणि कोडिंग. युरोपात हा कोर्स साधारण २ वर्षांचा, १२० क्रेडिटचा असतो. ब्रिटनमध्ये बहुतेक ठिकाणी १ वर्षाचा. अमेरिकेत मात्र बरेच विद्यार्थी बॅचलर्सनंतर थेट पीएच.डी.ला जातात आणि मास्टर्सची पदवी वाटेत मिळते.

दोन चांगली उदाहरणं :

- लायडेन, नेदरलँड्स : इथली वेधशाळा १६३३ सालची. पूर्ण कोर्स इंग्रजीत. डेटा सायन्सकडे झुकणारी वेगळी शाखाही आहे.
- बॉन, जर्मनी : रेडिओ खगोलशास्त्रासाठी प्रसिद्ध. याच शहरात माक्स प्लांक रेडिओ खगोलशास्त्र संस्था आहे आणि जवळच एफेल्सबर्गची १०० मीटर व्यासाची दुर्बीण.

बी.ई. चालतं का?

खरी अडचण इथे आहे. एका अ‍ॅडमिशन एजंटने मला "बी.ई. चालतं, फी भरून टाका" असं सांगितलं. पैसे भरण्याआधी मी थेट विद्यापीठाला ईमेल केला. उत्तर दोन ओळींचं होतं : क्वांटम मेकॅनिक्सचा पूर्ण कोर्स झालेला नसेल तर अर्ज विचारात घेतला जाणार नाही.

परदेशी विद्यापीठं पदवीच्या नावासोबत मार्कलिस्टमधले विषय मोजतात. साधारणपणे हे चार विषय शोधले जातात :

१. क्लासिकल मेकॅनिक्स
२. इलेक्ट्रोडायनॅमिक्स
३. क्वांटम मेकॅनिक्स
४. थर्मोडायनॅमिक्स आणि स्टॅटिस्टिकल फिजिक्स

माझ्या मार्कलिस्टमध्ये भौतिकशास्त्राचा एकच पेपर आहे, तोही पहिल्या वर्षाचा. तुमचंही तसंच असेल तर एनपीटीईएलवर हे विषय मोफत शिकता येतात. प्रमाणपत्रासाठी फी भरून परीक्षा द्यावी लागते. पण ते प्रमाणपत्र क्रेडिट म्हणून धरतील की नाही, हे प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवतं. म्हणून आधी ईमेल, मग खर्च.

खर्चाचा अंदाज

- नेदरलँड्स : युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी लायडेनची फी वर्षाला २० हजार युरोंच्या वर जाते.
- जर्मनी : बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, फक्त सेमिस्टरचं शुल्क. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात मात्र (हायडेलबर्ग तिथेच येतं) दर सेमिस्टरला १५०० युरो द्यावे लागतात.
- ब्लॉक्ड अकाउंट : जर्मन व्हिसासाठी वर्षभराचा राहण्याचा खर्च आधीच खात्यात दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. पैसे तुमचेच असतात, पण महिन्याला ९९२ युरोच काढता येतात.
- एपीएस प्रमाणपत्र : भारतीय विद्यार्थ्यांच्या कागदपत्रांची ही तपासणी जर्मनीसाठी लागते. याला वेळ लागतो, त्यामुळे लवकर सुरुवात करा.

कोडिंगचा फायदा कुठे होतो?

इथे आपण इंजिनिअर पुढे असतो. युरोपच्या गाया यानाने जून २०२२ मध्ये सुमारे १८० कोटी ताऱ्यांचा डेटा खुला केला. तो एसक्यूएलसारख्या भाषेत क्वेरी लिहून कोणालाही मिळतो. पायथॉनमधली अ‍ॅस्ट्रोपाय ही लायब्ररीही मोफत आहे.

हा प्रयोग करून बघा : कृत्तिका नक्षत्राच्या भागातले तारे डाउनलोड करा. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना जवळचा तारा किंचित सरकलेला दिसतो, त्या सरकण्याला पॅरॅलॅक्स म्हणतात. आकाशात एकाच दिशेने, एकाच वेगाने सरकणारे तारे वेगळे काढलेत की कृत्तिकेचे तारे हाती लागतात. त्यांचा पॅरॅलॅक्स साधारण ७.४ मिलिआर्कसेकंद येतो. १००० ला ७.४ ने भागलं की १३५ पार्सेक, म्हणजे जवळपास ४४० प्रकाशवर्षं. घरबसल्या, लॅपटॉपवर तुम्ही ताऱ्यांचं अंतर मोजलंत! कोड गिटहबवर ठेवा, अर्जात त्याची लिंक देता येते. शिवाय असलं काम करताना कंटाळा येतो की रात्रीचे दोन कधी वाजले ते कळत नाही, हेही समजतं.

परदेशाशिवाय रस्ता आहे का?

आहे, आणि तो पुण्यातूनच जातो. आयुका आणि एनसीआरए या संस्थांत पीएच.डी.साठी बी.ई., बी.टेक. झालेलेही अर्ज करू शकतात. प्रवेश परीक्षेत भौतिकशास्त्र लागतंच, पण निवड झाल्यावर फेलोशिप मिळते. नारायणगावजवळ खोडदला एनसीआरएची जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहणार आहे. अशा प्रकल्पांना सॉफ्टवेअर लिहिणारी माणसंही लागतात.

अर्ज करण्याआधी

- मार्कलिस्ट समोर ठेवून वरचे चार विषय टिक करा.
- सिलॅबस जोडून विद्यापीठाच्या प्रवेश विभागाला ईमेल पाठवा.
- लेखी उत्तर येईपर्यंत कोणत्याही एजंटला पैसे देऊ नका.
- फी आणि तारखा दरवर्षी बदलतात, त्या विद्यापीठाच्या अधिकृत साइटवरच बघा.

मी सध्या क्वांटम मेकॅनिक्स शिकतोय. ते परदेशी अर्जालाही लागतं आणि पुण्यातल्या परीक्षेलाही, त्यामुळे मेहनत कुठेच वाया जात नाही. तुमचीही सुरुवात इथूनच होऊ द्या.