उंदीर : हाडांची वाढ व प्रजनन बिघडवणारी उत्परिवर्तने

प्रयोगशाळेतील उंदरांत (मस मस्क्युलस) काही जनुकीय दोष असे आहेत, की त्यांच्यामुळे हाडांची वाढ खुंटते आणि त्याच प्राण्याची पिल्ले होण्याची क्षमताही घटते किंवा नाहीशी होते. जेमतेम वाढलेले शरीर पिल्लांचा भार पेलणार कसे, असे सोपे उत्तर यावर सुचते. पण ते पुरेसे नाही. बुटके असूनही पिल्ले देणारे उंदीर आहेत. दोष नेमका कोणत्या टप्प्यावर आहे हे पाहिल्याशिवाय या जोडीचा उलगडा होत नाही.

यांतला सर्वांत जुना आणि सर्वांत जास्त अभ्यासलेला प्रकार पोष ग्रंथीचा. जॉर्ज स्नेल यांनी १९२९ मध्ये बुटक्या उंदरांच्या एका वाणाचे वर्णन प्रसिद्ध केले. (प्रतिरोपणशास्त्रातील कामासाठी १९८० चे नोबेल पारितोषिक मिळालेले स्नेल ते हेच.) दोष अप्रभावी आहे, म्हणजे आई व बाप दोघांकडूनही सदोष प्रत आली तरच तो प्रकट होतो. जन्मतः पिल्लू भावंडांसारखेच दिसते. दोनएक आठवड्यांनी ते मागे पडू लागते आणि प्रौढपणी त्याचे वजन नेहमीच्या सुमारे एक-तृतीयांश भरते. दोषी जनुक पिट-१ हे असल्याचे १९९० मध्ये कळले. त्याच्या प्रथिनात ट्रिप्टोफॅन या अमिनो अम्लाच्या जागी सिस्टीन आलेले असते. एवढ्या फरकाने पोष ग्रंथीतील तीन प्रकारच्या पेशी तयार होत नाहीत आणि वृद्धी हॉर्मोन, प्रोलॅक्टिन व अवटू ग्रंथीला चालना देणारे हॉर्मोन ही तिन्ही जवळपास नाहीशी होतात. वृद्धी हॉर्मोन नसल्याने हाडे वाढत नाहीत. मादीच्या अंडाशयातील पीतपिंड टिकून राहायला प्रोलॅक्टिन लागते. तेही नसल्याने गर्भ धरत नाही. नरांना वृद्धी हॉर्मोन व थायरॉक्सिन टोचले, तर त्यांतले काही बाप होऊ शकतात.

अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या एम्स येथे सापडलेला बुटका उंदीर दिसायला असाच असतो. त्याच्यातील प्रॉप-१ या जनुकाचे काम पिट-१ च्या आधीचे असते. हा प्रकार प्रजननापेक्षा वेगळ्याच कारणाने गाजला. हे उंदीर धडधाकट भावंडांच्या दीडपट किंवा त्याहूनही जास्त जगतात, असे १९९६ मध्ये दाखवले गेले.

सोप्या उत्तराला खरा छेद देतो तो १९७६ मध्ये वर्णन झालेला ‘लिटल’ उंदीर. त्याच्या पोष ग्रंथीत वृद्धी हॉर्मोन सोडण्याचा संदेश झेलणारे ग्राही प्रथिन निकामी असते. वृद्धी हॉर्मोन कमी पडते, प्राणी बुटका राहतो, पण प्रजनन बरेचसे शाबूत असते. म्हणजे निव्वळ बुटकेपणाने वंध्यत्व येत नाही. याच जनुकातील दोष माणसात प्रथम आढळला तो १९९६ मध्ये, एका भारतीय मुस्लिम कुटुंबात. पुढे सिंधमधील एका विस्तृत कुळातही तेच उत्परिवर्तन सापडले. नात्यातल्या विवाहांमुळे अशा कुटुंबांत दोन सदोष प्रती एकत्र येण्याची शक्यता वाढते.

काही उंदरांत हाडे तयार होतात, पण जुने हाड झिजवणाऱ्या पेशीच नसतात. अशा अश्मास्थी उंदरात सीएसएफ-१ या वृद्धिघटकाच्या जनुकात एक जादा अक्षर शिरल्याने प्रथिन अर्धवट राहते. हाडे दाट होतात, मज्जेची पोकळी भरून येते, पुढचे दात हिरडीबाहेर येतच नाहीत. म्हणून त्यांना खाणे भुकटी करून द्यावे लागते. हाच घटक महाभक्षी पेशींनाही हवा असतो. त्या वृषणात व अंडाशयात कमी पडल्याने नरांत टेस्टोस्टेरॉन व शुक्राणू घटतात आणि माद्यांचे ऋतुचक्र लांबते.

हॉर्मोन शाबूत, पेशीही शाबूत, आणि तरीही हाड व अंडाशय दोन्ही बिघडलेले, असे कोडे घातले ते एनपीआर-२ जनुकाने. मेन राज्यातील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत आखूड पाय, आखूड शेपूट, घुमटासारखे डोके आणि बसका जबडा असलेले उंदीर निपजले. लेन व डिकी यांनी १९६८ मध्ये त्यांचे वर्णन केले आणि दोषाला ॲकॉन्ड्रोप्लेजिया असे नाव दिले. माणसातील त्याच नावाच्या विकाराशी याचे जनुक जुळत नाही. माणसातला विकार एफजीएफआर-३ मुळे होतो, हे १९९४ मध्ये सिद्ध झाले. उंदरातला दोष एनपीआर-२ मध्ये असल्याचे २००५ मध्ये त्सुजी व कुनिएदा यांनी दाखवले. हे नाव गैरसमज करणारे आहे, पण जुन्या लेखनात तेच आढळते.

एनपीआर-२ हे पेशीच्या पृष्ठभागावरचे ग्राही प्रथिन आहे. सीएनपी नावाचे पेप्टाइड त्याला चिकटले, की पेशीत चक्रीय जीएमपी तयार होते. लांब हाडाच्या टोकाजवळच्या वृद्धिपट्टात हा रेणू उपास्थी पेशींना वाढू व फुगू देतो. तो नसला तर पट्ट पातळ राहतो आणि हाड लांबत नाही. कवटीच्या वरच्या भागाची हाडे उपास्थीतून बनत नाहीत, म्हणून ती जवळजवळ नेहमीसारखी वाढतात. कवटीचा तळ मात्र आखूड राहतो. डोक्याचा घुमट होतो तो यामुळे.

अंडाशयात हाच रेणू थोपवून धरण्याचे काम करतो. मादी जन्मण्याआधीच तिच्या अंडपेशींचे अर्धसूत्री विभाजन सुरू होऊन मध्येच थांबते आणि अंडमोचनापूर्वी एलएच हॉर्मोनची लाट येईपर्यंत थांबलेलेच राहते. अंडपेशीला वेढणाऱ्या पुटकाच्या भिंतीतील पेशी सीएनपी स्रवतात, अंडपेशीभोवतालच्या पेशींतील एनपीआर-२ ते झेलते, आणि तयार झालेले चक्रीय जीएमपी सूक्ष्म जोडमार्गांतून अंडपेशीत उतरून विभाजन रोखून धरते. एपिग यांच्या गटाने २०१० मध्ये ही साखळी मांडली. दोषी मादीत अंडपेशी वेळेआधीच विभाजन पुन्हा सुरू करते. त्याआधी, २००४ मध्ये, हे जनुक काढून टाकलेल्या माद्यांच्या वंध्यत्वाचे खापर जननमार्ग नीट न वाढण्यावर फोडले गेले होते. नर मात्र प्रजननक्षम असतात, त्यामुळे हा वाण वाहक माद्यांच्या जोरावर टिकवता येतो.

दोन ऊतींतील साम्य आणखी खोल जाते. एनपीआर-२ काम करते ते त्यावर फॉस्फेट गट असतील तोवरच. अंडाशयात एलएच हे गट काढवते, तर वृद्धिपट्टात तेच काम एफजीएफआर-३ या ग्राहीला चिकटणारे एफजीएफ करते. फॉस्फेट असल्यासारखे कायम वागणारे एनपीआर-२ घडवलेल्या उंदरांत अंडपेशींचे विभाजन उशिरा सुरू झाले आणि हाडेही लांब झाली. एका उत्परिवर्तनाने दोन अवयव बिघडण्याचे इतके नेटके स्पष्टीकरण या विषयात दुसरे नाही.

उंदरावरून माणसाचा अंदाज बांधताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. माणसाचे वृद्धिपट्ट वयात येण्याच्या शेवटी पूर्ण मिटतात; उंदराचे तसे मिटत नाहीत. इस्ट्रोजेनचा अल्फा ग्राही नसलेले उंदीर वंध्य असतात आणि त्यांचे मांडीचे हाड आखूड राहते. पण याच ग्राहीत दोष असलेल्या, १९९४ मध्ये नोंदलेल्या एका २८ वर्षांच्या पुरुषाची उंची २०४ सेंमी. होती आणि ती वाढतच होती.

एनपीआर-२ च्या बाबतीत मात्र उंदराने दिशाभूल केली नाही. २००४ मध्ये याच जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या माणसांत हातापायांची हाडे आखूड ठेवणारा विकार आढळला. एक प्रत बिघडलेले नातेवाईकही सरासरीपेक्षा बुटके असतात. सीएनपीसारखे बनवलेले व्होसोरिटाइड हे औषध २०२१ मध्ये युरोप व अमेरिकेत मंजूर झाले, तेही एफजीएफआर-३ मुळे होणाऱ्या मानवी ॲकॉन्ड्रोप्लेजियासाठी. ते रोज त्वचेखाली टोचावे लागते आणि वृद्धिपट्ट मिटण्यापूर्वीच उपयोगी पडते.